भेटीचा आदेश आहे, पण भेट होत नाही : अशा वेळी काय करावे?

विवाह मोडतो तेव्हा दोन प्रौढ माणसे एकमेकांपासून वेगळी होतात. मुलांना मात्र दोघांपैकी कोणापासूनही वेगळे व्हायचे नसते. म्हणूनच न्यायालय मुलाचा ताबा एका पालकाकडे सोपवताना, दुसऱ्या पालकाला त्याला नियमितपणे भेटता यावे अशी सोय आदेशातच करून ठेवते. कागदावर ही सोय नीटनेटकी दिसते. प्रत्यक्षात ठरलेल्या शनिवारी वडील किंवा आई ठरलेल्या जागी येऊन थांबते आणि मूल येतच नाही. कधी 'त्याला ताप आहे' असा निरोप येतो, कधी 'तिची परीक्षा आहे' असा, तर कधी निरोपही येत नाही. असे चार-सहा वेळा घडले की पुष्कळ पालक हताश होतात. काही रागाच्या भरात चुकीचे पाऊल उचलतात, तर काही प्रयत्नच सोडून देतात.

हे दोन्ही मार्ग मुलाच्या नुकसानीचे आहेत. न्यायालयाचा आदेश ही विनंती नव्हे. तो पाळावाच लागतो आणि पाळला न गेल्यास तो पाळून घेण्याची व्यवस्था कायद्यात आहे. ती कोणती, तिचा उपयोग कोणत्या क्रमाने करावा आणि काय कटाक्षाने टाळावे, हे सांगण्याचा या लेखाचा हेतू आहे. गोव्यातील विवाहविषयक कायद्याची घडण पोर्तुगीज काळातील दिवाणी कायद्यावर उभी असल्याने निराळी आहे. येथील विवेचन प्रामुख्याने महाराष्ट्रातील कुटुंबांसाठी आहे.

हक्क कोणाचा?

सर्वप्रथम एक गोष्ट मनाशी पक्की करावयास हवी. भेटीचा हक्क हा केवळ बापाचा किंवा आईचा नाही. मुळात तो मुलाचा आहे. १९७३ साली एका ख्रिस्ती दांपत्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, मुले म्हणजे आईवडिलांची मालमत्ता नव्हे किंवा त्यांच्या हातचे खेळणेही नव्हे. ताब्याच्या प्रश्नात मुलाचे हित हाच निर्णायक निकष होय. पुढील अनेक निकालांत हेच सूत्र कायम राहिले. २०२० सालच्या एका निकालात तर सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढे जाऊन म्हटले की, ज्या पालकाकडे ताबा नाही त्याला पुरेशा भेटी मिळाल्याच पाहिजेत, आणि दोघे पालक वेगवेगळ्या राज्यांत वा देशांत असतील तर दूरध्वनीने किंवा व्हिडिओ कॉलने मुलाशी दररोज थोडा वेळ तरी बोलता आले पाहिजे.

हा हक्क मुलाचा आहे हे ध्यानात घेतले की दोन गैरसमज आपोआप दूर होतात. पहिला गैरसमज असा : 'तो पोटगी देत नाही, मग मी मूल का दाखवू?' दुसरा याच्या नेमका उलट : 'ती मूल दाखवत नाही, मग मी पोटगी का देऊ?' पोटगी आणि भेट या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. पोटगी थकली तर तिच्या वसुलीचा स्वतंत्र मार्ग आहे. भेट नाकारली गेली तर तिच्या अंमलबजावणीचा स्वतंत्र मार्ग आहे. एकीच्या बदल्यात दुसरी रोखून धरणे म्हणजे दोघांच्या भांडणाचा दंड मुलाकडून वसूल करणे होय. शिवाय असे करणाराच न्यायालयासमोर दोषी ठरतो, हा व्यावहारिक तोटा वेगळाच.

कोणता कायदा लागू होतो?

ख्रिस्ती दांपत्याच्या घटस्फोटाचे, विवाहशून्यतेचे किंवा न्यायिक विभक्ततेचे प्रकरण १८६९ च्या घटस्फोट कायद्याखाली चालते. या कायद्याच्या कलम ४१ ते ४४ अन्वये न्यायालयाला मुलांचा ताबा, पालनपोषण आणि शिक्षण यांविषयी दावा चालू असताना तसेच निकालानंतरही आदेश देता येतात. कलम ५५ असे सांगते की, या कायद्याखालील आदेशांची अंमलबजावणी न्यायालयाच्या इतर दिवाणी आदेशांप्रमाणेच व्हावी. २००१ च्या दुरुस्तीने कलम १०-अ आले आणि ख्रिस्ती दांपत्यांना परस्पर संमतीने घटस्फोट घेण्याची वाट मोकळी झाली. अशा प्रकरणांत भेटीचे वेळापत्रक बहुधा 'संमतीच्या अटीं'मध्ये लिहिलेले असते.

घटस्फोटाचा दावा नसतानाही केवळ मुलाच्या ताब्यासाठी वा भेटीसाठी १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली अर्ज करता येतो. हा कायदा सर्व धर्मीयांना खुला आहे. मूल सर्वसाधारणपणे जेथे राहते तेथील न्यायालयात हा अर्ज करावा लागतो. जेथे कौटुंबिक न्यायालय आहे तेथे ही सर्व प्रकरणे १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यानुसार त्या न्यायालयापुढे जातात. जेथे ते नाही तेथे जिल्हा न्यायालयाचे दार ठोठवावे लागते.

येथे आपल्या समाजात आढळणाऱ्या आणखी एका गैरसमजाचा उल्लेख करणे आवश्यक आहे. धर्मप्रांतीय विवाह न्यायाधिकरणाने विवाह शून्य ठरवला म्हणजे मुलांचा प्रश्नही मिटला, असे काहींना वाटते. तसे मुळीच नाही. विवाहाचे केवळ दिवाणी स्वरूपाचे परिणाम दिवाणी न्यायालयाच्या कक्षेत येतात, हे ख्रिस्तसभेची विधिसंहिताच मान्य करते. आणि न्यायाधिकरणाचा निवाडा दिवाणी न्यायालयातील घटस्फोटाची जागा घेऊ शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली स्पष्ट केले आहे. ताबा आणि भेट यांचा आदेश दिवाणी न्यायालयाकडूनच घ्यावा लागतो. मात्र न्यायाधिकरणाने आपल्या निवाड्यात दोन्ही पक्षांना मुलांच्या पालनपोषणाच्या व शिक्षणाच्या कर्तव्याची आठवण करून द्यावी, असे विधिसंहितेतच म्हटले आहे. विवाह शून्य ठरला म्हणून मुले अनौरस ठरत नाहीत आणि कोणाचे आईपण वा बापपणही संपत नाही.

पहिले पाऊल : आदेश पुन्हा वाचा

भेट नाकारली गेली की माणूस थेट शिक्षेचा विचार करू लागतो. त्याआधी आदेशाची प्रमाणित नक्कल हाती घ्यावी आणि शांतपणे वाचावी. आदेशात 'वाजवी भेट द्यावी' एवढेच मोघम शब्द असतील तर तो आदेश मोडला गेला हे सिद्ध करणे कठीण जाते. कारण वाजवी म्हणजे किती, हे दोन्ही पक्ष आपापल्या सोयीने ठरवतात. अंमलबजावणी होऊ शकेल असा आदेश वार, वेळ आणि ठिकाण सांगतो. मुलाला कोण आणणार आणि कोण परत नेणार, आजारपणात किंवा परीक्षेच्या काळात काय करावे, हुकलेली भेट कधी भरून द्यावी, फोन कोणत्या वेळी करावा, हेही त्यात असते.

ख्रिस्ती कुटुंबांनी आणखी एका बाबीकडे लक्ष द्यावे. आपल्याकडील आदेशांत बहुधा 'उन्हाळी व दिवाळीची अर्धी सुटी' असे शब्द येतात. नाताळची पूर्वसंध्या, मध्यरात्रीची मिस्सा, ईस्टर, धर्मग्रामाचा सण, मुलाचा प्रथम ख्रिस्तप्रसाद या प्रसंगांचा उल्लेख नसतो, आणि नेमक्या त्याच दिवशी वाद पेटतो. एका वर्षी नाताळ आईकडे व ईस्टर वडिलांकडे, पुढील वर्षी त्याच्या उलट, अशी साधी वाटणी आदेशातच लिहून घेतली तर पुष्कळ कटुता टळते. आदेश मोघम असेल तर त्याच न्यायालयात स्पष्टीकरणासाठी किंवा दुरुस्तीसाठी अर्ज करावा. ताबा व भेटीचे आदेश स्वभावतःच कायमचे नसतात. मुलाचे वय आणि परिस्थिती बदलली की ते बदलता येतात.

परस्पर संमतीच्या प्रकरणात तर प्रारंभीच काळजी घ्यावी. संमतीच्या अटी हुकूमनाम्याचा भाग व्हाव्यात आणि दोन्ही पक्षांनी त्या पाळण्याची हमी न्यायालयाला द्यावी. न्यायालयाला दिलेली हमी जाणूनबुजून मोडणे हाही अवमान ठरतो. केवळ आपसातल्या कागदावर लिहून घेतलेल्या अटींना हे बळ नसते.

दुसरे पाऊल : नोंद ठेवा

न्यायालय पुराव्यावर चालते. 'ती मला कधीच भेटू देत नाही' या विधानाने न्यायाधीशांना फारसे काही कळत नाही. त्याऐवजी तारीखवार तक्ता द्यावा : कोणत्या दिवशी भेट ठरली होती, आपण किती वाजता पोहोचलो, किती वेळ थांबलो, समोरून काय उत्तर आले. आदल्या दिवशी एक साधा, सभ्य संदेश पाठवावा. भेट झाली नाही तर त्याच दिवशी दुसरा. या संदेशांत आरोप नकोत, टोमणे नकोत, धमकी तर नकोच. उद्या ते न्यायाधीशांसमोर वाचले जाणार आहेत, असे समजूनच लिहावेत. प्रवासाची तिकिटे, फोनच्या नोंदी जपून ठेवाव्यात.

भेट न्यायालयाच्या आवारातच ठरली असेल तर नोंदीचे काम सोपे होते. वांद्रे येथील कौटुंबिक न्यायालयात मुलांच्या भेटीसाठी स्वतंत्र कक्ष आहे. असा कक्ष जेथे असेल तेथे उपस्थितीची नोंद होते आणि कोण आले, कोण आले नाही याविषयी वाद उरत नाही. घरची वा बाहेरची भेट वारंवार फिसकटत असेल तर काही काळ न्यायालयाच्या आवारातच भेट मिळावी अशी विनंती करणे शहाणपणाचे ठरते.

मूल आजारी असल्याचे सांगितले गेले तर रागावण्याऐवजी प्रकृतीची चौकशी करावी आणि बदली दिवस मागावा. निमित्त खरे असेल तर बदली दिवस मिळतो. तो कधीच मिळत नसेल तर ते निमित्त होते हे कागदावरच दिसून येते.

तिसरे पाऊल : समुपदेशक आणि नोटीस

कौटुंबिक न्यायालयाने प्रथम समेटाचा प्रयत्न करावा, असे त्या कायद्याचे कलम ९ सांगते, आणि त्यासाठी न्यायालयात समुपदेशक नेमलेले असतात. नकारामागे नेहमी दुष्टपणाच असतो असे नाही. कधी मुलाला परत पाठवण्यात झालेला उशीर, कधी नव्या जोडीदाराविषयीची भीती, कधी आजी-आजोबांचा हट्ट यांतून गाठ बसलेली असते. समुपदेशकासमोर ती पुष्कळदा सुटते. न सुटल्यास वकिलामार्फत लेखी नोटीस द्यावी. नोटिशीत आदेशाची तारीख, मोडल्या गेलेल्या भेटींची यादी आणि आदेश पाळण्याची विनंती एवढे पुरे.

चौथे पाऊल : त्याच न्यायालयात अर्ज

मूळ दावा अजून चालू असेल तर त्याच दाव्यात अर्ज करावा. त्यात आदेशाचे पालन व्हावे, हुकलेल्या भेटी भरून मिळाव्यात, खर्च मिळावा आणि पुढील भेटी समुपदेशकाच्या देखरेखीखाली व्हाव्यात, अशा मागण्या करता येतात. पालक व पाल्य कायद्याच्या कलम १२ अन्वये न्यायालय मुलाला ठरावीक दिवशी व ठिकाणी हजर करण्याचा आदेश देऊ शकते. तो मोडल्यास कलम ४५ प्रमाणे शंभर रुपयांपर्यंत दंड, पुढे दररोज दहा रुपयांपर्यंत आणि एकूण पाचशे रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. या रकमा एकोणिसाव्या शतकातील असल्याने आज हास्यास्पद वाटतील. परंतु त्याच कलमात मुलाला हजर करण्याची हमी देईपर्यंत दिवाणी कारागृहात ठेवण्याचीही तरतूद आहे, आणि खरी धार तिलाच आहे.

दावा निकाली निघाला असेल तर अंमलबजावणीचा अर्ज करावा लागतो. आपल्या न्यायालयांच्या बोलीत यालाच 'दरखास्त' म्हणतात. कौटुंबिक न्यायालयाचा आदेश दिवाणी हुकूमनाम्याप्रमाणेच अंमलात आणता येतो, असे कायद्याचे कलम १८ सांगते. एखादी गोष्ट करण्याचा वा न करण्याचा मनाईहुकूम संधी असूनही जाणूनबुजून मोडणाऱ्याची मालमत्ता जप्त करण्याचा किंवा त्याला दिवाणी कारागृहात पाठवण्याचा अधिकार दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१, नियम ३२ मध्ये आहे, आणि भेटीच्या आदेशासाठीही या तरतुदीचा आधार घेतला जातो. प्रत्यक्षात दरखास्तीची नोटीस हाती पडताच आणि समोर न्यायाधीश दिसताच अनेक प्रकरणांत भेटी सुरू होतात. न्यायालयही मुलाच्या आईला किंवा वडिलांना तुरुंगात धाडण्यास उत्सुक नसते. त्याचा परिणाम मुलावरच होणार हे ते जाणते. म्हणून शिक्षेपेक्षा भरपाईच्या भेटी आणि पक्के वेळापत्रक यांची मागणी आधी करावी.

पोलिसांविषयी एक शब्द. भेट नाकारली गेली की काहीजण थेट पोलीस ठाणे गाठतात. तेथे फार तर अदखलपात्र नोंद होते, कारण हा विषय दिवाणी आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२३ साली म्हटले आहे की, सक्षम न्यायालयाचा मनाई करणारा आदेश नसेल तर वडिलांवर आपल्याच अज्ञान मुलाच्या अपहरणाचा गुन्हा लावता येत नाही. पोलिसांची मदत हवी असेल तर तसा आदेश न्यायालयाकडूनच मागावा. तो सहसा शेवटचा उपाय असतो; गणवेशातील माणसांच्या देखत घराबाहेर काढलेल्या मुलाच्या मनावर त्या भेटीची कोणती आठवण राहील, याचा विचार आधी करावा.

पाचवे पाऊल : उच्च न्यायालय

आदेश जाणूनबुजून आणि वारंवार मोडला जात असेल तर १९७१ च्या न्यायालय अवमान कायद्याखाली उच्च न्यायालयाकडे जाता येते. दिवाणी अवमानासाठी सहा महिन्यांपर्यंत साधी कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. येथे मुदतीचे भान ठेवावे : अवमान घडल्यापासून एक वर्षाच्या आत कार्यवाही सुरू व्हावी लागते. शिवाय अंमलबजावणीचा साधा मार्ग उपलब्ध असताना तो का वापरला नाही, असा प्रश्न उच्च न्यायालय विचारू शकते. म्हणून आधी दरखास्त आणि मग अवमान, हा क्रम शहाणपणाचा.

मूलच दडवून ठेवले असेल, पत्ता लागत नसेल किंवा आदेशाविरुद्ध त्याला दुसऱ्या राज्यात नेले असेल तर घटनेच्या अनुच्छेद २२६ खाली हेबियस कॉर्पस म्हणजे बंदी प्रत्यक्षीकरणाची याचिका करता येते. ज्याच्याकडे मूल आहे त्याला ते ठेवण्याचा कायदेशीर आधार नसेल तर मुलाच्या ताब्याच्या प्रकरणातही अशी याचिका चालू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली मान्य केले आहे. उलट प्रकारही घडतो : भेटीसाठी नेलेले मूल परतच आणून दिले जात नाही. अशा वेळी ताबा असलेल्या पालकाला पालक व पाल्य कायद्याच्या कलम २५ अन्वये मूल परत मिळवता येते. कायदा दोन्ही बाजूंना सारखाच बांधतो.

आखाती देशांत वा अन्यत्र नोकरीस असलेल्या कुटुंबांनी विशेष सावध राहावे. मुलांच्या आंतरराष्ट्रीय अपहरणाविषयीच्या १९८० च्या हेग कराराचा भारत सदस्य नाही. त्यामुळे मूल परदेशी गेल्यावर किंवा परदेशातून येथे आणल्यावर ते परत मिळवण्याची त्या करारातील व्यवस्था आपल्याला उपलब्ध होत नाही. मूल बाहेर नेले जाण्याची भीती असेल तर ते घडण्यापूर्वीच न्यायालयाच्या परवानगीशिवाय देशाबाहेर न नेण्याचा आणि पारपत्र न्यायालयात जमा करण्याचा आदेश मागावा.

ज्याच्याकडे ताबा आहे त्याच्यासाठी

आतापर्यंतचे विवेचन भेट न मिळणाऱ्या पालकाच्या बाजूने झाले. दुसऱ्या बाजूलाही खरी काळजी असू शकते. दारू पिऊन येणारा बाप, मुलाला मारणारी आई, लैंगिक छळाची शंका : या गोष्टी काल्पनिक नाहीत. परंतु त्यांवरचा उपाय म्हणजे आपणच न्यायाधीश होऊन भेट बंद करणे नव्हे. त्वरित न्यायालयात जाऊन भेट स्थगित करण्याची किंवा देखरेखीखाली ठेवण्याची मागणी करावी. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम २१ अन्वये भेट मुलाच्या हिताला घातक ठरेल असे दिसल्यास दंडाधिकारी ती नाकारू शकतात. लैंगिक छळाची शंका असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याखाली तक्रार करावी. मुलांसाठीची १०९८ ही मदतवाहिनीही आहे. जो पालक आधी न्यायालयाला सांगतो त्याच्यावर विश्वास बसतो. जो आधी भेट रोखतो आणि दरखास्त आल्यावर कारणे सांगतो, त्याची खरी कारणेही संशयास्पद वाटू लागतात.

'मूलच जायला तयार नाही' हे उत्तर तर नेहमीचेच. मूल विचार करण्याच्या वयाचे असेल तर न्यायालय त्याचे म्हणणे ऐकते. न्यायाधीश आपल्या दालनात त्याच्याशी एकट्याने बोलतात. पण ती नाखुशी मुलाची स्वतःची आहे की कोणी मनात भरवलेली, हेही ते पाहतात. मुलाला एका पालकाविरुद्ध फितवण्याच्या प्रकाराची सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली गंभीर दखल घेतली आहे. सातत्याने भेटी मोडणाऱ्या पालकाकडील ताबाच बदलण्याची मागणी होऊ शकते, हे विसरू नये. मुलाला 'जा, बाबा वाट पाहत असतील' एवढे मोकळेपणाने सांगणे हे ताबा असलेल्या पालकाचे कर्तव्य आहे.

काय करू नये

शाळेच्या फाटकातून मुलाला परस्पर उचलू नये. नातेवाइकांचा घोळका घेऊन समोरच्याच्या दारात जाऊ नये. मुलाकडून निरोप पाठवू नयेत आणि भेटीच्या वेळी त्याची उलटतपासणी घेऊ नये. समाजमाध्यमांवर मुलाचे छायाचित्र टाकून न्याय मागू नये. धर्मगुरूंना वा मुख्याध्यापकांना आदेशाविरुद्ध वागण्याची गळ घालू नये. त्यांच्याकडे आदेशाची प्रत द्यावी, म्हणजे तेही अडचणीत येणार नाहीत. आणि खर्च झेपत नाही म्हणून स्वस्थ बसू नये. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रियांना व मुलांना उत्पन्नाची अट न लावता आणि इतरांना उत्पन्नमर्यादेत मोफत वकील मिळतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे किंवा १५१०० या क्रमांकावर विचारणा करावी.

वेळ मुलाचा जातो

या सर्व धडपडीत एक हिशेब सतत डोळ्यांसमोर ठेवावा. एकाआड एक शनिवारी चार तास अशी भेट ठरली असेल तर वर्षभरात सुमारे सव्वीस भेटी होतात. म्हणजे एकशे चार तास, पुरते साडेचार दिवसही नाहीत. वर्षातील एवढाच वेळ त्या मुलाला आपल्या दुसऱ्या पालकासोबत मिळतो. त्यातून सहा भेटी बुडाल्या तर जवळजवळ चौथा हिस्सा गेला. पोटगीची थकबाकी व्याजासह वसूल होऊ शकते. सातव्या वर्षी न भेटलेला बाप अठराव्या वर्षी व्याजासह परत मिळत नाही. म्हणूनच दहा भेटी बुडेपर्यंत वाट पाहू नये. दुसऱ्या-तिसऱ्या नकारालाच नोंदी घेऊन न्यायालयात जावे, आणि समोरच्याला शिक्षा व्हावी म्हणून नव्हे, तर पुढची भेट व्हावी म्हणून जावे.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१६ सालच्या 'अमोरिस लेतित्सिया' या प्रबोधनपत्रात विभक्त पालकांना कळकळीने विनविले होते की, मुलाला कधीही ओलीस धरू नका. न्यायालयाची भाषा निराळी असली तरी तिचा आशय तोच आहे. कायद्याची पावले कशी टाकावीत हे वर सांगितले. ती टाकताना मुलाच्या देखत दुसऱ्या पालकाविषयी वावगा शब्द न काढणे मात्र कोणत्याही दरखास्तीने साधता येत नाही. ते ज्याचे त्यालाच करावे लागते.